रियाध : नाव बागांचे, पाणी समुद्राचे

व्याख्यानाला उभे राहिले की वक्त्यासमोर पाण्याचा पेला ठेवलेला असतो. वैशाखाच्या या दिवसांत त्याचे मोल वक्त्याला कळते, आणि व्याख्यान लांबू लागले म्हणजे श्रोत्यांनाही कळते. पण ते पाणी आले कोठून, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. धरण आहे, नळ आहे, फार तर टँकर आहे, एवढ्यावर आपण समाधान मानतो. आज ज्या शहराची ओळख मी तुम्हांला करून देणार आहे, तेथे हा पेला कोणी आपल्यापुढे केला तर त्यातले पाणी बहुधा चारशेहून अधिक किलोमीटरांवरच्या समुद्रातले असते. ते उकळून किंवा गाळून गोडे केलेले असते आणि पंपांनी डोंगर चढवून आणलेले असते. हे शहर म्हणजे सौदी अरेबियाची राजधानी रियाध. २०२२ च्या जनगणनेत त्याची वस्ती सत्तर लाखांच्या घरात गेली.

'रियाध' या नावाचा अर्थ मोठा गमतीचा आहे. अरबीत 'रौदा' म्हणजे पावसाचे पाणी साचून हिरवा होणारा सखल तुकडा, बाग, कुरण. त्याचे अनेकवचन 'रियाद'. आपण ज्याला रखरखीत वाळवंट समजतो त्याच्या मधोमध असलेल्या गावाचे नाव 'बागा' असे आहे! हे नाव कोणी थट्टेने ठेवलेले नाही. अरबस्तानच्या मध्यभागी नज्द नावाचे पठार आहे. रियाध समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरांवर आहे, म्हणजे पुण्याहून थोडे उंचच. या पठारावरून वादी हनीफा नावाची, एरव्ही कोरडी असणारी, दरी सुमारे १२० किलोमीटर वाहते. वाहते म्हणण्यापेक्षा पसरते म्हणणे बरे, कारण पाणी वर्षातून एखादवेळी दिसते. मात्र वाळूखाली ते मुरलेले असते. त्या मुरलेल्या पाण्यावर विहिरी होत्या, विहिरींवर खजुरीच्या बागा आणि बागांच्या आश्रयाने मातीच्या भिंतींची गावे.

पाऊस किती, तर वर्षाकाठी सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रियाधच्या हिशेबाने ती नऊ वर्षांची बेगमी झाली असती.

तेथल्या विहिरींवर पाणी कसे काढीत, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना मी वेगळे समजावून सांगायला नको. चामड्याची मोट, तिला सोंड, दोन दोर, वर चाक, आणि जनावराने उतरत्या धावेवरून चालत जाऊन पाणी वर ओढायचे. आपल्याकडे बैल, तेथे उंट, गाढव किंवा बैल, जे हाताशी असेल ते. आपल्या थारोळ्यात जसे पाणी धबकन पडते तसेच तेथल्या हौदात पडे. चाकांची करकर रात्रभर चाले. आपल्याकडे इंजिने आणि विजेचे पंप आले आणि मोटा अडगळीत गेल्या. तेथेही तसेच झाले, पण पुढे जे घडले ते मात्र फार वेगळे.

या गावाशी मुंबईचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकात नज्दमधील घोडे कुवेत-बसऱ्यावरून जहाजाने मुंबईला येत, आणि भायखळा-भेंडीबाजाराच्या बाजूला अरबांचे तबेले प्रसिद्ध होते. १८६५ साली मुंबईच्या लष्करातील अधिकारी आणि इराणी आखातातील ब्रिटिश रेसिडेंट लुईस पेली हा उंटांवरून रियाधला गेला. तेथल्या अंध झालेल्या वृद्ध अमीराला, फैसल बिन तुर्की याला, तो भेटला. या प्रवासाचा त्याचा अहवाल १८६६ साली भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापला गेला. रियाध हे नाव लंडनच्या बहुतेक वाचकांना ठाऊक होण्याआधी त्याचे खिळे मुंबईत जुळवले गेले, असे म्हणायला हरकत नाही.

शहर पाहायला निघालेल्या माणसाला प्रथम नेतात ते मसमक नावाच्या गढीपाशी. मातीच्या जाड भिंती, चार बुरूज, आणि ताडाच्या लाकडाचा दरवाजा. १९०२ च्या जानेवारीत पंचविशीतला अब्दुल अझीझ इब्न सौद मोजक्या साथीदारांसह रात्री गावात शिरला. हे गाव त्याच्या घराण्याचेच, पण प्रतिस्पर्धी रशीद घराण्याने बळकावलेले. त्यांचा अंमलदार अजलान पहाटे गढीबाहेर पडताच या मंडळींनी त्याला गाठले आणि गढी घेतली. त्या झटापटीत फेकलेल्या भाल्याचे पाते दरवाज्यात रुतले, आणि ते आजही पाहुण्यांना दाखवतात. मराठी माणसाला येथे लाल महाल आठवल्यावाचून राहत नाही. आपल्याच वाड्यात परक्याचा मुक्काम, रात्रीची वेळ, मूठभर माणसे! त्या गढीपासून तीस वर्षांत, १९३२ साली, सौदी अरेबियाचे राज्य जाहीर झाले. १९३८ साली पूर्व किनाऱ्यावर दम्माम येथे सातव्या विहिरीतून विपुल तेल निघाले. तेथून पुढचा इतिहास आपण पेट्रोलच्या भावात वाचतोच.

गढीजवळच दिरा हा जुन्या गावाचा भाग आणि 'सूक अल-झल' हा बाजार आहे. गालिचे, ऊद जाळण्याच्या धूपदाण्या, तलवारी, जरीच्या काठाचे झगे आणि जुन्या वस्तूंचे लिलाव, असा सगळा मामला. जुन्या बाजारात हिंडण्याची ज्यांना हौस आहे त्यांचा अर्धा दिवस येथे सहज जाईल. जवळच्याच चौकात पूर्वी जाहीर शिरच्छेद होत, हे मार्गदर्शक आपण होऊन सांगत नाही. विचारले तर सांगतो.

मातीच्या भिंतींच्या या गावाचा तट १९५० च्या सुमारास पाडला गेला. १९५१ साली दम्मामहून रेल्वे आली. सरकारी खाती जिद्दाहून हळूहळू येथे हलली. १९५६ च्या सप्टेंबरात पंडित नेहरू रियाधला गेले तेव्हा लोकांनी 'रसूल अल-सलाम', म्हणजे शांतीचा दूत, अशा घोषणा देऊन त्यांचे स्वागत केले. 'रसूल' हा शब्द पैगंबरासाठी वापरतात, म्हणून पाकिस्तानातील वृत्तपत्रांनी त्यावर बराच गहजब केला. १९६८ साली कॉन्स्टँटिनोस डोक्सियाडिस या ग्रीक नगररचनाकाराला शहराचा आराखडा करायला बोलावले. इस्लामाबादची आखणी करणारा तो हाच. त्याने वाळवंटावर दोन-दोन किलोमीटरांचे चौकोन आखले. बुद्धिबळाचा पट उलगडत न्यावा तसे शहर त्या चौकोनांनी उत्तरेकडे उलगडत गेले. गल्लीबोळ, सावली, शेजार ही जुन्या गावाची तीन सुखे त्या पटात बसली नाहीत. मोटार असलेल्या माणसाचे ते शहर झाले, आणि पायी चालणारा तेथे परदेशी तरी असतो किंवा गरीब तरी.

परंतु एवढे शहर वाढायचे तर त्याला पाणी कोठून? वादी हनीफाच्या विहिरी केव्हाच अपुऱ्या पडल्या. १९५० च्या दशकात हजार मीटरांहून खोल विहिरी खणल्या गेल्या. तेथे मिंजूर नावाच्या वालुकाश्मात हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाळी युगाचे पाणी साठलेले आहे. ते इतके गरम येते की नळात सोडण्याआधी मनोऱ्यांतून निववावे लागते. शिवाय ते खारटसर. १९७१ च्या सुमारास शहराच्या मध्यभागी ६१ मीटर उंचीचा, उभ्या पट्ट्यांचा, भूछत्रासारखा जलकुंभ उभा राहिला. स्वीडनमधील एका गावच्या जलकुंभाची ती प्रतिकृती आहे. कित्येक वर्षे शहराची ओळखखूण तीच होती. मला विचाराल तर आजही तीच असायला हवी, कारण पुढे जे काचेचे मनोरे आले त्यांच्यासारखे मनोरे जगात इतरत्रही आहेत.

खोल विहिरींनाही मर्यादा होती, कारण ते पाणी पुन्हा भरत नाही. बँकेतली ठेव मोडून खाण्यासारखाच तो प्रकार. तेव्हा समुद्राकडे पाहावे लागले. पूर्व किनाऱ्यावर जुबैल येथे खारे पाणी गोडे करण्याचा कारखाना उभारला आणि १९८३ साली साडेचारशे किलोमीटरांहून लांब नळ टाकून ते पाणी रियाधला आणले. समुद्रसपाटीवरून सहाशे मीटर वर.

हे पाणी गोडे कसे होते, तेही थोडक्यात सांगतो. महाबळेश्वरला पाणी सखल प्रदेशापेक्षा लवकर उकळते. हवेचा दाब जितका कमी तितके कमी उष्णतेत पाणी उकळते, हा नियम. जुबैलच्या जुन्या यंत्रात तापवलेले समुद्राचे पाणी एकामागून एक अशा अनेक दालनांत सोडतात, आणि प्रत्येक दालनातला दाब आधीच्यापेक्षा कमी ठेवतात. प्रत्येक दालनात शिरताच पाण्याचा काही भाग एकदम वाफ होतो. वाफ थंड नळ्यांवर धरते, पाणी होऊन ठिबकते, आणि मीठ मागे राहते. आपल्या घरी भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला पाण्याचे थेंब धरतात, तसेच. या पद्धतीला उष्णता फार लागते, म्हणून ती वीज-केंद्राच्या शेजारी उभारतात आणि वाया जाणारी वाफ वापरतात. दुसरी पद्धत म्हणजे पाणी प्रचंड दाबाने अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ढकलायचे. घरोघरी भिंतीवर टांगलेली शुद्धीकरण यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात. २०१४ पासून सुरू झालेल्या रास अल-खैर येथील कारखान्यात दोन्ही पद्धती आहेत, आणि त्याची शक्ती दिवसाला सुमारे दहा लाख घनमीटर, म्हणजे शंभर कोटी लिटर आहे. दोन्ही पद्धतींत उरलेले दाट खारे पाणी पुन्हा समुद्रात जाते. त्याचा माशांवर काय परिणाम होतो हा प्रश्न आखाताच्या सगळ्याच किनाऱ्यांवर उभा आहे.

खारे पाणी गोडे करण्याला अरबीत 'तहलिया' म्हणतात. 'गोड' या अर्थाच्या ज्या धातूपासून तो शब्द झाला त्याच धातूपासून 'हलवा' झाला. संक्रांतीला आपण जो वाटतो त्याचेच नाव पुढे रियाधच्या एका झगमगीत रस्त्याला मिळाले आहे. त्या रस्त्याचे सरकारी नाव एका राजपुत्राचे, पण लोक त्याला 'तहलिया' म्हणतात. संध्याकाळी तेथे उपाहारगृहे गजबजलेली असतात.

पण गोड्या पाण्याची ही वाट किती नाजूक आहे हे १९९१ च्या जानेवारीत सगळ्यांना दिसले. कुवेतच्या युद्धात प्रचंड तेल आखातात सोडले गेले आणि त्याचा तवंग किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकू लागला. जुबैलच्या कारखान्याच्या तोंडाशी तरंगते अडथळे टाकून तो थोपवावा लागला. तेलावर श्रीमंत झालेल्या राजधानीचे पाणी तेलानेच तोडले असते! २००८ साली रियाधमधील अमेरिकी वकिलातीने आपल्या सरकारला पाठवलेले एक टिपण पुढे उघड झाले. त्यात म्हटले होते की रियाधचे नव्वद टक्क्यांहून अधिक पिण्याचे पाणी जुबैलचे आहे, आणि तो कारखाना किंवा नळ मोठ्या प्रमाणावर नादुरुस्त झाला तर आठवड्याच्या आत शहर रिकामे करावे लागेल. त्यानंतर साठवणीचे मोठे हौद आणि नवे कारखाने झाले. पण सत्तर लाखांचे शहर काही दिवसांच्या साठ्यावर जगते, ही स्थिती तत्त्वतः बदललेली नाही.

मग लोक पाणी जपून वापरतात का? बरीच वर्षे त्याचे उत्तर 'नाही' असे होते. पाणीपट्टी नाममात्र होती. २०१६ साली ती वाढवली तेव्हा एवढी ओरड झाली की जलमंत्र्यांना पद गमवावे लागले. शेतीची कथा तर याहून उद्बोधक आहे. १९८० च्या दशकात सरकारने भरपूर अनुदान देऊन जमिनीखालच्या त्या प्राचीन पाण्यावर गहू पिकवला. विमानातून पाहिले तर वाळवंटावर हिरव्या वर्तुळांची रांगोळी दिसे. देश स्वयंपूर्ण झाला, इतकेच नव्हे तर गहू निर्यात करू लागला. रियाधच्या दक्षिणेला लैला नावाच्या गावापाशी तळी होती, ती आटली. खर्जचे खोल झरे आटले. अखेर २००८ साली सरकारने ठरवले की गव्हाची सरकारी खरेदी टप्प्याटप्प्याने २०१६ पर्यंत बंद करायची. पुढे दुभत्या जनावरांसाठीच्या लसूणघासावरही बंधने आली, तेव्हा तेथल्या दुग्धव्यवसायाने अमेरिकेत आणि अर्जेंटिनात जमिनी घेतल्या आणि घास जहाजाने आणला. घास म्हणजे तरी दुसऱ्याच्या जमिनीतले पाणीच. ज्या महाराष्ट्रात उसाला पाणी किती द्यावे यावर आजही वाद चालतो, तेथल्या माणसाने या कथेकडे परकी म्हणून पाहू नये.

आता शहरातील राहणीकडे वळू. उन्हाळ्यात दुपारी पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून शहर रात्री जगते. दुकाने, बागा, नातेवाइकांच्या भेटीगाठी हे सगळे मध्यरात्रीपर्यंत चालते. पाहुण्याला आधी वेलदोडा घातलेला, फिक्कट रंगाचा कहवा मिळतो, त्याच्यासोबत खजूर. पेला लहान असतो आणि रिकामा होताच पुन्हा भरतात. पुरे झाले हे सांगायचे तर तो हलकेच हलवायचा. मला हे पाच पेले झाल्यावर कळले. हिवाळ्यात थंडी चांगली पडते आणि पाऊस पडून गेला की कुटुंबेच्या कुटुंबे तंबू घेऊन वाळवंटात जातात.

गेल्या दहा वर्षांत या शहराचे सामाजिक रूप जितके पालटले तितके आधीच्या पन्नास वर्षांत पालटले नव्हते. १९९० च्या नोव्हेंबरात ४७ स्त्रियांनी रियाधच्या रस्त्यावर स्वतः मोटारी चालवल्या, तेव्हा त्यांचे पारपत्र काढून घेतले गेले आणि अनेकींच्या नोकऱ्या गेल्या. २४ जून २०१८ पासून स्त्रियांना मोटार चालवण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कित्येक दशकांनंतर चित्रपटगृह उघडले. परंतु त्या मुभेच्या महिनाभर आधी, ती मागणाऱ्या काही स्त्रियांनाच अटक झाली होती. सरकारने दिलेले घ्यावे, पण मागू नये, असा त्याचा अर्थ बहुतेकांनी घेतला. नमाजाच्या वेळी दुकाने बंद करण्याची सक्ती २०२१ पासून सैल झाली. १ डिसेंबर २०२४ रोजी चालकाविना धावणारी मेट्रो सुरू झाली. तिचे सहा मार्ग, १७६ किलोमीटर आणि ८५ स्थानके आहेत. पायी चालणाऱ्याला त्या बुद्धिबळाच्या पटावर निदान एक घर मिळाले.

मेट्रोत बसून मी बथा भागात गेलो. शुक्रवारची संध्याकाळ होती. बथा हीसुद्धा मुळात वादीच, आता ती रस्त्याखाली गाडली गेली आहे. पण दर शुक्रवारी तिच्या काठाने माणसांचा पूर येतो. केरळ, बिहार, बांगलादेश, नेपाळ, फिलिपाईन्स, सगळ्यांचे कोपरे ठरलेले. सौदी अरेबियाच्या २०२२ च्या जनगणनेत ३ कोटी २२ लाखांपैकी १ कोटी ३४ लाख लोक परदेशी निघाले. समुद्राच्या पाण्याप्रमाणे शहराचे हातही बाहेरूनच आणलेले आहेत. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम करवून घेण्यास बंदी आहे, ती या हातांसाठी. कामगाराला मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नसे. २०२१ च्या सुधारणांनी काही अटींवर ती मुभा दिली, मात्र घरकामाच्या बायका आणि घरगुती चालक तेव्हा तिच्यातून वगळले गेले.

तेथे मला चिपळूणकडचा एक तरुण भेटला. पाण्याचा टँकर चालवतो. टँकरला तेथे 'वायत' म्हणतात. जुन्या काळी तेथे आलेले ट्रक अमेरिकेच्या 'व्हाइट' कंपनीचे होते, त्या नावाचा हा अरबी अवतार. रियाधमध्येही कित्येक घरांना नळाचे पाणी ठरल्या दिवशीच येते. तळघरात हौद आणि गच्चीवर टाकी असते, आणि हौद रिकामा झाला की वायत बोलवायचा. "काका, गावाला आषाढात छत्री उलटी होते," तो म्हणाला, "इथं पाच वर्षांत छत्री विकत घेतली नाही." त्याच्या गावी मे महिन्यात टँकर येतो. पहिल्या दोन वर्षांच्या पैशांत त्याने काय केले असे मी विचारले. "कर्ज फेडलं. मग घराकडं बाव खोदली." पाणी लागले का? "लागलं. पण मे महिन्यात आटतं." एवढे बोलून तो गाडीकडे गेला, कारण रात्रीची फेरी बाकी होती.

शेवटच्या दिवशी मी दिरियाला गेलो. सौदी घराण्याची ही पहिली राजधानी. १८१८ साली इब्राहिम पाशाच्या सैन्याने ती उद्ध्वस्त केली. मातीच्या वाड्यांचे अवशेष वादी हनीफाच्या कडेला उभे आहेत आणि २०१० पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पण मला खरे पाहायचे होते ते वादीतले पाणी. झाले असे की १९८० च्या दशकात समुद्राचे एवढे पाणी शहरात आले की फुटक्या नळांतून आणि शोषखड्ड्यांतून ते जमिनीत मुरू लागले. वाळवंटातल्या शहरात तळघरांत पाणी शिरू लागले! ते उपसून, सांडपाण्यासह, वादीत सोडले गेले आणि वादीचा उकिरडा झाला. पुढे दगडमातीचे ढीग उपसले गेले, छोटे दगडी बांध घातले गेले, आणि शेवाळ, सूक्ष्मजीव आणि मासे यांच्याकडून पाणी शुद्ध करवून घेणारी तळी बांधली गेली. त्या कामाला २०१० साली वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. २०१९ साली शहरात पंचाहत्तर लाख झाडे लावण्याची योजना जाहीर झाली, तीही अशाच शुद्ध केलेल्या पाण्यावर.

सूर्य कलला होता. बांधाच्या कडेला सतरंज्या अंथरून कुटुंबे बसली होती. थर्मासमधून कहवा ओतला जात होता, मुले गळ टाकून बसली होती. एका म्हाताऱ्याने मला जवळ बसवले आणि खजूर पुढे केला. लहानपणी आपल्या आजोबांचा मळा येथेच होता आणि विहिरीवर उंट असे, हे त्याने हातांनी दोर ओढून दाखवत सांगितले. वेताच्या बेटातून दोन बगळे उडाले आणि खालच्या तळ्यावर जाऊन बसले.